चिठ्ठी

माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या उजव्या खणात चिठ्ठ्यांचे एक पॅड असते. वर माझे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. खाली कोरी जागा. पेशंटला शहरात पाठवायचे झाले की हे पॅड बाहेर निघते. 'या रुग्णास तपासून योग्य तो उपचार करावा, ही विनंती' एवढे लिहून सही केली की काम संपते. म्हणजे माझे संपते. पेशंटचे सुरू होते.

कोकणातल्या आमच्या गावात मी १९८७ साली पाटी लावली. तेव्हापासून अशी किती पॅडे संपली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरच्या चेहऱ्यावर एक विशेष गांभीर्य येते. तो चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा घालतो. समोरच्या माणसाला वाटते, डॉक्टरांनी काहीतरी मोठे ओळखले. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की डॉक्टरांनी काहीच ओळखलेले नसते, आणि ते कबूल करण्यापेक्षा चष्मा पुसणे सोपे असते.

यात लबाडी नसते हो. असते ती भीती. आणि भीतीच्या मागे असते ते आमचे शिक्षण. मी मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात शिकलो. तिथे खाटेवर येणारा माणूस आधीच तीन डॉक्टरांच्या हातांखालून गेलेला असे. त्याच्या रोगाला निम्मेअधिक नाव मिळालेले असे. आम्ही उरलेले अर्धे शोधायचे. केर व्हाइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६१ साली दोन सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिका आणि इंग्लंडमधली माहिती घेऊन त्यांनी हिशेब मांडला : हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात ७५० जणांना काही ना काही दुखते खुपते, त्यांतले २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण इस्पितळात दाखल होतात, ५ दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जातात, आणि विद्यापीठाच्या बड्या इस्पितळात पोचतो तो एक. आमच्या तालुक्याचे आकडे वेगळे असतील, पण मासला हाच. मी त्या एकाच्या खाटेपाशी उभा राहून शिकलो, आणि गावात येऊन बसलो तो त्या २५० जणांच्या समोर.

मग गावातल्या डॉक्टरला पुढे शिकवतो कोण? खरे सांगायचे तर, बत्तीस-तेहतीस वर्षे माझा मुख्य गुरू होता औषध कंपनीचा प्रतिनिधी. टाय लावून, चामड्याची बॅग घेऊन तो महिन्यातून एकदा येई आणि आपलेच औषध रामबाण कसे हे चकचकीत कागदावरून वाचून दाखवी. जाताना पेन देई. ती पेने चिठ्ठ्या लिहायला उपयोगी पडत.

याहून चांगले शिक्षण मला एकदा एस.टी. स्टँडवर मिळाले होते. आमच्याकडे लाल विंचवाने किती पोरे नेली हे जुन्या माणसांना विचारा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावसकर रुजू झाले. विंचू चावलेल्या पेशंटजवळ रात्र रात्र बसून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. हृदयावर काय परिणाम होतो हे त्यांनी ओळखले, आणि प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध त्यावर कसे चालते ते १९८६ साली विलायतेतल्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र ते औषध 'लॅन्सेट'मधून कळले नाही. गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी ते मला तोंडी सांगितले, आणि मी ते सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले. विद्या बिरवाडीहून लंडनला टपालाने गेली, आणि तिथून आमच्या गावी एस.टी.ने आली. त्या दिवशी गाडी वेळेवर सुटली असती, तर आली नसती.

२०२० साली सगळेच बदलले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि योगायोग असा की त्याच तारखेला डॉक्टरांनी दुरून, फोनवरून सल्ला कसा द्यावा याचे सरकारी नियम निघाले. तोवर फोनवर औषध सांगणे म्हणजे चोरटा मामला वाटे. आता लोक पुरळ, सुजलेले पाय, पोराची जीभ, एवढेच काय, म्हशीचे सडसुद्धा माझ्या मोबाइलवर पाठवू लागले. म्हशीचे मी परत पाठवले.

त्या दिवसांत फोन हातात घेऊन बसलो की एक गोष्ट लख्ख दिसे : पेशंट मला विचारू शकतो, मी कुणाला विचारणार?

उत्तर मुलीने आणले. ती पुण्याला असते. तिने फोन करून सांगितले, "बाबा, चालू दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी कुटुंबवैद्यकाचा अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांचा. दवाखाना बंद ठेवावा लागत नाही." असे अभ्यासक्रम आपल्या देशात नवे नाहीत. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने या शतकाच्या पहिल्याच दशकात गावोगावच्या डॉक्टरांना छापील पाठ आणि चित्रफिती देऊन शिकवायला सुरुवात केली. 'पाठवा कमी, निस्तरा जास्त' अशा अर्थाचे त्या उपक्रमाचे इंग्रजी नाव आहे. ते ऐकून मला खणातले पॅड आठवले. मी घेतला तो अभ्यासक्रम कुठला ते सांगत नाही. दिवाळी अंकात जाहिराती पुष्कळ असतात, त्यांत आणखी एक कशाला?

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांचा होतो. सौ. म्हणाली, "बरं झालं. नातवाला सोबत होईल अभ्यासाला." आणि तिने खरोखरच जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा मला मोकळा करून दिला. दुसऱ्या कोपऱ्यात नातू पाढे म्हणत असे.

पुस्तके पोस्टाने आली. त्यांत दुर्मिळ रोग नव्हते. डोके दुखते, पाठ दुखते, पोर खात नाही, बाई रडते, म्हातारा पडतो — धडे असे! मी पहिल्या रात्री पन्नास पाने वाचली आणि मला राग आला. हे मला चाळीस वर्षांपूर्वी का नाही कुणी दिले? वर्षातून काही दिवस एका इस्पितळात जाऊन हाताने शिकायचे, एरवी महिन्यातल्या दोन रविवारी पडद्यावर वर्ग. आमच्या घरात मोबाइलची रेंज जिन्याच्या सातव्या पायरीवर मिळते. तेव्हा मी सातव्या पायरीवर, संगणक नवव्या पायरीवर, आणि पावसाळ्यात वीज गेली तर कंपाउंडर खाली बॅटरी धरून उभा, असा आमचा वर्ग भरे.

पडद्यावर पंधरा-वीस चौकोन दिसत. एकात डोंगरातल्या आरोग्य केंद्रातली तरुण डॉक्टरीण, एकात आसामच्या चहामळ्यातले गृहस्थ, एकात माझ्यासारखाच टक्कल पडलेला विदर्भातला डॉक्टर. मधल्या चौकोनात शिकवणाऱ्या बाई, वय असेल चौतिशीचे. भाषा म्हणजे इंग्रजीला हिंदीची फोडणी. व्याख्यान थोडे. बाकी प्रत्येकाने आपला एक पेशंट मांडायचा आणि इतरांनी बोलायचे. ही रीत संजीव अरोरा या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी २००३ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये रुजवली, असे बाईंनी सांगितले. ते तिथे यकृताच्या 'सी' काविळीचे तज्ज्ञ होते. पेशंट दूरदूरच्या गावांत. सगळ्यांना एकटे पुरे पडणार कसे? त्यांनी पेशंटना बोलावण्याऐवजी त्यांच्या गावच्या डॉक्टरांना पडद्यावर बोलावले आणि दर आठवड्याला त्यांच्याबरोबर बसू लागले. २०११ साली निकाल छापून आला : विद्यापीठातल्या तज्ज्ञांकडे ५७.५ टक्के पेशंटच्या रक्तातून तो विषाणू गेला होता, आणि गावांतल्या व तुरुंगांतल्या साध्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. हे आकडे ऐकले तेव्हा मी सातव्या पायरीवर उगाचच ताठ बसलो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये 'ई-संजीवनी' आली. आमच्या उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी मुलगी पेशंटला पडद्यासमोर बसवते आणि दूरचा डॉक्टर त्याच्याशी बोलतो. कामाची गोष्ट आहे, पुष्कळांची एस.टी. वाचली. पण पडद्यातून पोट दाबता येत नाही. माझे आपले मत असे, की पडदा डॉक्टर आणि पेशंट यांच्या मध्ये असण्यापेक्षा डॉक्टरच्या पाठीशी असावा. हात इथला, आणि हाताला सांगणारे कुणी तिथले.

याचा अनुभव मला घेरीच्या धड्यात आला. कानाच्या आत खोलवर चुन्याच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. ते आपली जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की कुशीवर वळताना, वाकताना, मान वर करताना घर गरकन फिरते. काही सेकंदच, पण माणूस हबकतो. हे ओळखायची परीक्षा मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली सांगितली, माझ्या जन्माआधी दहा वर्षे. मी ती पाठ केली होती. केली कधीच नव्हती. त्यावरचा उपाय जॉन एपली या डॉक्टरांनी १९९२ साली छापला, तेव्हा मला पदवी मिळून सात वर्षे झाली होती आणि माझा गुरू टाय लावून येत होता. त्याने तो मला सांगितला नाही. सांगेल कसा? त्यात गोळीच नाही. पेशंटला खाटेवर आडवे करून मान चार वेळा ठरावीक दिशेने वळवायची, प्रत्येक वेळी अर्धा-एक मिनिट थांबायचे. कण घरंगळत आपल्या जागी जातात.

सराव मी सौ.वर केला. तिचे डोके खाटेच्या कडेखाली लोंबते धरून मी सेकंद मोजत होतो, एवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्या दारातूनच परत गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान सहज म्हणून चौकशीला येऊन गेले. पुढचा सराव कंपाउंडरवर, पडद्यासमोर. "मान अजून खाली, डॉक्टर," बाई सांगत होत्या, "घाबरू नका, तुटत नाही." कोणती घेरी ठेवून घ्यायची नाही हेही त्यांनी घोटून घेतले : बोलणे जडावले, चाल लटपटली, एक बाजू लुळी पडली, की क्षणभर थांबायचे नाही. अशी एक चिठ्ठी मी गेल्याच महिन्यात लिहिली. लिहीत असतानाच कंपाउंडरला गाडी आणायला पिटाळले. चष्मा पुसला नाही.

त्या धड्यानंतर मांडायला मी पेशंट निवडला तो जुना. २०१४ सालचा. चार मैलांवरच्या वाडीतली एक बाई, तेव्हा पन्नाशी उलटलेली. कुशीवर वळले की घेरी येते, म्हणून आली होती. मी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली, चष्मा पुसला, आणि चिठ्ठीवर लिहिले : 'मेंदूचा विकार?' पुढे प्रश्नचिन्ह. मुंबईच्या डॉक्टरांनी डोक्याची छायाचित्रे काढली. त्यांचे काही चुकले नाही; प्रश्न मी विचारला होता, ते उत्तर शोधत होते. मेंदू स्वच्छ निघाला.

मी हे सांगितले तेव्हा चौकोनांत शांतता झाली. मग विदर्भातल्या टकल्याने आपली एक चिठ्ठी सांगितली. मग चहामळ्यातल्या गृहस्थांनी. ती डोंगरातली मुलगी पुष्कळ वेळ गप्प होती. तिने सांगितली ती इथे लिहिण्याजोगी नाही. तीस वर्षे एकट्याने दवाखाना चालवलेल्या माणसाला दुसऱ्या डॉक्टरच्या तोंडून 'मला कळलं नव्हतं' हे शब्द ऐकायला मिळणे म्हणजे काय, हे वाचकांना कसे सांगू? आम्ही एकमेकांना भेटतो ते लग्नांत आणि संमेलनांत. तिथे असे बोलत नाहीत.

बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि मला एकच विचारले, "त्या बाई आता कशा आहेत?"

मला माहीत नव्हते. चार मैलांवरची बाई, आणि मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला विचारले. तो त्याच वाडीतला. म्हणाला, "बऱ्या आहेत. आपल्याकडे येत नाहीत आता. मुंबईच्या खर्चाला पाटल्या गहाण टाकल्या होत्या ना, त्या सुटल्या नाहीत."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही," तो म्हणाला आणि बाटल्या पुसू लागला.

माझ्या एका प्रश्नचिन्हाची किंमत दोन पाटल्या. 'पुन्हा घेरी आली तर आधी माझ्याकडे या' असा निरोप मी त्याच्याबरोबर धाडला. महिना-दीड महिना गेला. मला वाटले, येणार नाही.

२०२२ सालची धनत्रयोदशी. दवाखान्यात फारसे कुणी नव्हते. घरातून चकल्यांचा वास येत होता. आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, भिंतीला धरून मावशी आत आली.

"कंदील बांधाया मान वर केली," ती म्हणाली, "नि पडवीच फिरली."

मी तिला खाटेवर घेतले. मान उजवीकडे वळवून, डोके खाटेच्या कडेखाली सोडून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. चार-पाच सेकंद काही नाही. मग बुबुळे गरगरत नाचू लागली, आणि पंधरा-वीस सेकंदांनी थांबली. नातवाला मी डोळ्यांवर मोबाइल धरायला सांगितले होते. खरे तर मला खात्री होती. पण पाटल्यांच्या नंतर खात्रीवर विसंबायचे धैर्य होत नव्हते. दवाखान्यात रेंज नाही. ती चित्रफीत घेऊन मी घरात गेलो, जिन्याच्या सातव्या पायरीवर उभा राहून बाईंना पाठवली, आणि पेशंटला ताटकळत ठेवून उत्तराची वाट पाहिली. तोवर पोरगा मागोमाग आला होता.

"कुणाला विचारताय, डॉक्टर?"

"आमच्या बाईंना."

"तुम्हाला बाई आहेत?" त्याचे डोळे मोठे झाले.

उत्तर आले : 'उजवा कान. करा.'

पाचेक मिनिटांचे काम. चार वेळा मान वळवली. एकदा तिने माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटली, तेव्हा मीही मनात काहीतरी पुटपुटलो. मग उठवून बसवली. थोड्या वेळाने पुन्हा परीक्षा केली. बुबुळे जागच्या जागी. मी तिला सांगितले, हे पुन्हा होऊ शकते. झाले तर घाबरू नका, इकडेच या.

तिने आधी जमिनीकडे पाहिले, मग पंख्याकडे. मग माझ्याकडे.

"तेव्हा व्हतं ते हेच का? मुंबईला धाडलंत ते?"

"हो, मावशी."

"मग तेव्हा का नाय केलंत?"

खण बंद होता. चष्मा नाकावर होता. "तेव्हा मला येत नव्हतं," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. हातातल्या काचेच्या बांगड्या तिने कोपराकडे सारल्या, त्या पुन्हा मनगटावर आल्या. पोरगा माझ्याकडे बघत होता. फी तिने दिली नाही. मी मागितली नाही, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटले नाही. दारात आमचा आकाशकंदील टांगलेला होता. त्याच्याखाली ती थांबली, भिंतीचा हात सोडला, मान पूर्ण मागे टाकून वर पाहिले, खाली पाहिले, पुन्हा वर पाहिले. मग पायऱ्या उतरून गेली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नातू ॲल्युमिनियमचा डबा घेऊन आला. आत करंज्या होत्या. "डबा परत द्यायची घाई नाय, असं आजीने सांगितलंय," तो म्हणाला, आणि मग जरा जवळ येऊन, "तुमच्या बाईंना पण द्या."

बाई चौदाशे किलोमीटरवर. त्यांच्या वाटणीच्या दोन मी बाजूला काढून ठेवल्या होत्या. रविवारी वर्ग सुरू असताना सातव्या पायरीवर बसून त्या पडद्याला दाखवल्या, आणि नातवाने खाल्ल्या.